लोळणारा वड

वडाच्या कुळात जन्माला यायचं आणि जन्मभर जमिनीवर लोळत पडायचं, ही गोष्ट आपल्या लोकांना पटवून देणं सोपं नाही. वड म्हटलं की पार आला, पारावरची माणसं आली आणि त्यांच्या न संपणाऱ्या गप्पा आल्या. पिंपळ म्हटलं की मुंजा आला. उंबर म्हटलं की दत्तमहाराज आले, आणि आमच्या नांदेड जिल्ह्यात तर खुद्द माहूर आहे. तेव्हा उंबराला कुऱ्हाड लावायची इथं कुणाची छाती होत नाही. शिवाय उंबर दिसला की खाली पाणी आहे असं पाणाडी सांगतात. मराठवाड्यात ही शिफारस देवाच्या शिफारशीपेक्षा कमी समजायचं कारण नाही. अशा भारदस्त भावकीत अंगठ्याच्या नखाएवढ्या पानांची एक वेल निघते. तिला खोड म्हणावं असं खोड नाही, पार बांधावा असा बुंधा नाही, सावली द्यायची तर ती मुंग्यांना. शास्त्रातलं नाव फायकस पुमिला. पुण्या-मुंबईकडं बंगल्यांच्या कंपाउंडच्या भिंती हिरव्या चादरीनं झाकलेल्या दिसतात, ती हीच. लोक तिला भिंतीवर चढवतात. मी धर्माबादला ती जमिनीवर पसरवली आहे, आणि तेव्हापासून आमच्या गल्लीत माझ्याविषयी थोडी काळजी व्यक्त होते.

वंशावळीबद्दल शंका नको. लिनिअस नावाच्या स्वीडिश गृहस्थानं 1753 साली तोवर माहीत असलेल्या झाडाझुडपांची जी मोठी नोंदवही छापली, तिच्यात वड, पिंपळ, उंबर, अंजीर आणि ही वेल असे पाचही जण एकाच घराण्याखाली नोंदवलेले आहेत. जुन्या नोंदीचं वजन काय असतं हे हल्ली मराठवाड्यातल्या माणसाला शिकवावं लागत नाही. साडेसातशेहून जास्त जातींच्या या घराण्यात हिचं माहेर चीन, जपान, तैवान, व्हिएतनामकडचं. पान तोडलं की पांढरा चीक येतो, तो मात्र अस्सल घरचा.

आमच्याकडं जमीन झाकायची पद्धत पूर्वापार ठरलेली आहे. आजीच्या काळात शेणाचा सडा आणि सारवण होतं. ते दर सणाला नवं व्हायचं आणि त्यावर रांगोळी उठून दिसायची. मग शहाबादी फरशी आली, तिच्या पाठोपाठ तांडूरची आली. दोन्ही शेजारच्या मुलखातल्या, रेल्वेनं नाही तर ट्रकनं येणाऱ्या. उन्हाळ्यात दुपारी तिच्यावर अनवाणी पाय टाकलेला माणूस जो नाच करतो, तो कुठल्या गुरूकडं शिकावा लागत नाही. आता पेव्हर ब्लॉकचे दिवस आहेत. अंगणात, देवळापुढं, शाळेच्या आवारात, जिथं माती दिसेल तिथं ब्लॉक बसवायचा. माती दिसणं म्हणजे घर अर्धवट राहिलं असा सगळ्यांचा समज झालेला आहे.

आणि मिरची. धर्माबादचं खरं भूआच्छादन विचाराल तर तेच. फेब्रुवारीपासून आमच्या बाजारात लाल मिरची उतरते. आपल्याकडची, तेलंगणातली, आंध्रातली. मोकळ्या जागेवर ती वाळायला पसरली की जमीन नावाची वस्तू काही दिवस दिसत नाही. कांडप यंत्रं सुरू झाली की हवेचीही चव बदलते. स्टेशनवर उतरलेला पाहुणा पहिल्याच चौकात शिंकतो, आणि त्याच्या शिंकेवरून तो नवा आहे हे रिक्षावाल्याला कळतं. मग भाडंही त्याप्रमाणे सांगितलं जातं. एवढ्या लालभडक, एवढ्या कामाच्या आच्छादनाची सवय झालेल्या गावात नुसतं हिरवं, नुसतं पसरलेलं, बाजारात ज्याला भाव नाही असं काही लावायचं म्हणजे धाडसच.

पण माझी अडचण खरी होती. घराच्या पूर्वेला, कडुलिंबाखाली, भिंत आणि कंपाउंड यांच्यामध्ये मातीची एक पट्टी आहे. आमची माती काळी, चिकण, कापसाची. पावसाळ्यात ती फुगते आणि चपला ओढून घेते. मे महिन्यात ती आकसते आणि तिला भेगा पडतात. त्या भेगांमध्ये माझ्या नातवानं पेन्सिली, गोट्या आणि एकदा माझा चष्म्याचा डबा असा बराच ऐवज ठेव म्हणून टाकलेला आहे. लॉन लावायचा विचार केला, पण सावलीत हरळी धरत नाही. जिथं आपल्याला नको तिथं हीच हरळी पिढ्यान्‌पिढ्या शेतकऱ्याला रडवते, हा भाग वेगळा. लव्हाळा मात्र सगळीकडं येतो. तो उपटणं म्हणजे त्याला थोडं प्रोत्साहन देण्यासारखं आहे. खालची गाठ मातीत राहते आणि आठवड्यात दोन तुरे वर येतात. तेव्हा सावली चालेल, पसरेल, आणि वर्षभर हिरवं राहील असं काहीतरी हवं होतं.

ते मिळालं ट्रकवर. पावसाळा लागला की आंध्रातल्या कडियमकडचे रोपवाले गावोगाव फिरतात. राजमहेंद्रीजवळचं हे कडियम म्हणजे रोपवाटिकांचं मोठं माहेरघर. देशभरच्या बागा तिथून भरल्या जातात. गंमत अशी की ते गावही गोदावरीच्या काठचं आणि आमचंही गोदावरीच्या काठचं. नदी आमच्याकडून तिकडं जाते आणि रोपं तिकडून आमच्याकडं येतात. आमच्या तालुक्यात बाभळीचा बंधारा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या निकालाप्रमाणे त्याची दारं दरवर्षी 1 जुलैपासून 28 ऑक्टोबरपर्यंत उघडी ठेवायची असतात. म्हणजे नदीला पाणी असतं तेव्हा ते अडवायचं नाही, आणि अडवता येतं तेव्हा नदीला पाणी किती असेल ते पाहायचं. त्यातूनही 1 मार्चला खालच्यांना ठरलेला वाटा सोडायचा. असा व्यवहार असल्यामुळं दोन-चार हिरव्या काड्या उलट्या दिशेनं आल्या तर त्या मी हक्काच्याच समजतो.

रोपवाला तेलुगूत हिंदी मिसळून बोलत होता, मी हिंदीत मराठी. धर्माबादला असे व्यवहार बिनबोभाट होतात. 'दीवार पे चढेगा अन्ना,' तो म्हणाला. मी जमिनीवर लावणार म्हटल्यावर त्यानं माझ्याकडं जरा दयेनं पाहिलं आणि दोन रोपं जास्त दिली.

लावायचं तंत्र काही अवघड नाही. काळ्या मातीत हिचा पाय सडतो, म्हणून मुरूम, वाळू आणि जुनं शेणखत मिसळून जमीन थोडी उचलून घेतली. हातभर अंतरानं रोपं लावली. फांदी मातीला टेकली की पेरापेराला मुळं धरते. तिथून ती स्वतंत्र झालीच म्हणून समजा. पण पहिल्या पावसाळ्यात ती काहीच करत नाही. माणूस रोज सकाळी जाऊन वाकून बघतो, आणि ती काल होती तिथंच आज असते. या काळात सगळी गल्ली येऊन गेली.

'सर, हे काय लावलाव?' समोरचे मामा विचारते झाले. मामांचा जन्म मिरचीच्या आडतीत गेलेला. मी सांगितलं.

'ह्याला येतंय काय?'

'काही येत नाही. पसरतंय.'

'पसरतंय,' मामांनी तो शब्द तोंडात घोळवला. 'मग पाणी कशाला घालूलालाव?'

याला उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले, नवीन मुद्दा घेऊन. 'ह्याच्यात इच्चू बसतेत बगा.' हा मुद्दा खरा आहे आणि तो हसण्यावारी न्यायचा नाही. दाट पाला जमिनीला टेकून असला की त्याखाली गारवा राहतो, आणि उन्हाळ्यात गारवा आपल्याला जसा हवा असतो तसा विंचवालाही हवा असतो. म्हणून दारापासून दोन हात जागा मोकळी ठेवली, वेल चार बोटांच्या वर उठू द्यायची नाही असं ठरवलं, आणि तिच्यात हात घालण्याआधी काठीनं आपटायची सवय लावून घेतली. विंचू शहाबादी फरशीच्या फटीतही बसतो, हे मी मामांना सांगितलं. ते म्हणाले, 'तिथं बसला तर दिसतंय की.' हेही खरंच.

वटपौर्णिमेला शेजारच्या काकू सुताचं रीळ घेऊन निघाल्या होत्या. गावातल्या वडाला गर्दी, ऊन वर आलेलं. त्यांनी आमच्या फाटकातून डोकावून विचारलं, 'तुमची ही वेल वडाच्याच जातीतली म्हणता ना सर? मग हिलाच सूत गुंडाळलं तर?' बायकोनं आतून उत्तर दिलं की फेरे हिच्याभोवती नाही, हिच्यावरूनच मारावे लागतील. आणि तसं केलेलं हिला चालत नाही. ते बरोबर आहे. अधूनमधून पाऊल पडलं तर ही वेल सोसते, पण रोजची वर्दळ तिला मानवत नाही. लॉनसारखं तिच्यावर बसून भेळ खाता येत नाही.

पुढचा प्रश्न खाण्याचाच होता, आणि तो घरातून आला. अंजिराच्या घराण्यातली म्हणता, मग खायला काय? पुरंदरच्या अंजिराला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, हे बायकोनं वाचलेलं होतं. मी म्हटलं, हिलाही फळ येतं, पेरूच्या लहान भावासारखं, पण ते आपण खात नाही. तैवानात मात्र हिच्याच एका पोटजातीच्या बिया फडक्यात बांधून थंड पाण्यात चोळतात. न शिजवता, न साखर घालता त्या पाण्याची जेली होते. मग तिच्यावर लिंबू आणि मधुर पाक घालून उन्हाळ्यात रस्तोरस्ती विकतात. आयू म्हणतात तिला. बायकोनं शांतपणे ऐकून घेतलं. 'मग तैवानला जाऊन लावायची होती,' ती म्हणाली.

फळाचा विषय निघाला की या घराण्यातली अंदरकी बात सांगावीच लागते. यांची फुलं बाहेर दिसत नाहीत. ज्याला आपण फळ म्हणतो ती फुलांनी आतून भरलेली बंद पिशवी असते, आणि तिला तोंडाशी एक बारीक भोक असतं. त्यातून तिळाहून लहान माशी आत शिरते आणि परागीभवन उरकते. जवळजवळ प्रत्येक जातीची माशी वेगळी. उंबर फोडून केंबरं काढू नयेत असं आपण म्हणतो, आणि गल्लीतल्या तेलुगू अक्कांना विचारलं तर त्या वेमनाचं पद्य म्हणून दाखवतात. त्यातही उंबराचं फळ वरून देखणं आणि आत किडेच. गोदावरीच्या दोन्ही अंगांची माणसं उंबराच्या बाबतीत एकमतानं बोलतात, पण त्या किड्यांच्या बाजूनं बोलणारा कुणी निघालेला नाही. ते नसतील तर उंबराला बी धरणार नाही. आमच्या वेलीची माशी तिच्या माहेरीच राहते. म्हणून रोपवालेही बियांच्या भानगडीत न पडता फांद्यांचे तुकडे लावूनच रोपं करतात.

आणि जमिनीवर असेपर्यंत फळाचा प्रश्नच येत नाही, हे मला या वेलीचं सगळ्यात विलक्षण वाटतं. हिचं बालपण आणि हिचं प्रौढपण ही दोन निरनिराळी झाडं आहेत. लहानपणी पान बारीक, पातळ, बदामाच्या आकाराचं. फांदी सुतळीएवढी, जिथं टेकेल तिथं चिकटणारी. भिंत मिळाली की ती वर निघते. चढत चढत बऱ्याच उंचीवर गेली की एक दिवस तिचं वागणं बदलतं. भिंत सोडून जाड, ताठ फांद्या बाहेर येतात. त्यांना मुळं फुटत नाहीत. त्यांची पानं बोटाएवढी लांब, चामड्यासारखी. फळं लागतात ती या फांद्यांना. वरचं पान आणि खालचं पान एका तळहातावर ठेवलं तर एका वेलीची आहेत यावर शपथेवर सांगूनही कुणी विश्वास ठेवत नाही. आणखी पुढची गोष्ट म्हणजे वरच्या त्या प्रौढ फांदीचा तुकडा काढून मातीत लावला, तर त्याचं झुडूप होतं. तो रांगत नाही.

जमिनीवर ठेवलेल्या वेलीला हा प्रसंगच येत नाही. तिला चढायला काही नसल्यामुळं ती मोठी होत नाही; वर्षानुवर्षं तेच बारीक पान, तीच रांगण्याची हौस. आमच्याकडं दहावीचा निकाल लागला की पोराला लातूरला 'टाकतात'. मग तो दोन वर्षं खोली, शिकवणी आणि मेस यांच्या त्रिकोणात वर चढत असतो, आणि दिवाळीला घरी येतो तेव्हा त्याचं बोलणंसुद्धा चामड्याचं झालेलं असतं. मामांचा नातू गेल्या जूनमध्ये गेला. जायच्या आदल्या दिवशी तो आमच्या वेलीवर पाय पसरून बसला होता, आणि मी काही बोललो नाही. मामा मात्र मला बजावत होते, 'सर, हिला बी भितीवर घाला. खाली पडून काय होतंय?' हिला वर घातलं तर काय होतं हे मी त्यांना सविस्तर सांगितलं. फळं येतात म्हटल्यावर त्यांचे डोळे चमकले; ती कुणी खात नाही म्हटल्यावर विझले.

तिला खाली ठेवणं हे मात्र माणसाचंच काम. ती वर जायची संधी सोडत नाही. कंपाउंडला टोक लागलं की दोन आठवड्यांत ती वीतभर वर गेलेली असते. डार्विननं हिच्या चिकटण्याचा अभ्यास केला होता. चढणाऱ्या वेलींवरचा त्याचा प्रबंध 1865 साली आला. त्यात त्यानं या वेलीची कोवळी मुळं काचेच्या पट्ट्यांवर हलकेच टेकवून ठेवली आणि वाट पाहिली. आठवड्याभरानं मुळांतून स्वच्छ, किंचित चिकट द्रवाचे बारीक थेंब आले. जखमेतून येणाऱ्या चिकासारखे ते पांढरे नव्हते. या थेंबांनी ती भिंतीला धरते. इंग्लंडातला तो गृहस्थ काचेसमोर आठवडाभर बसला हे वाचून मला बरं वाटलं. आमच्या गल्लीत असता तर मामांनी त्यालाही विचारलं असतं. भिंतीवरून वेल ओढली की रंगाचा पापुद्रा तिच्याबरोबर येतो आणि मुळांच्या रेघा मागं राहतात. जुन्या, चुन्याच्या, पोपडे धरलेल्या भिंतीला तर हिच्या वाऱ्यालाही उभं करू नये. म्हणून कडेनं दर महिन्याला कात्री चालवायची. कापताना पूर्ण बाह्यांचा सदरा आणि हातमोजे हवेत. चीक अंगाला लागून वर ऊन पडलं तर कातडी लाल होऊन चुरचुरते.

राहिला पाण्याचा हिशेब, आणि मामांनी पहिल्याच दिवशी तेच विचारलं होतं. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, ते आम्ही सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. 'जलदूत' असं त्या गाडीचं नाव. ज्या मुलखात पाणी डब्यांत बसून येतं, तिथं शोभेच्या वेलीला पिण्याचं पाणी घालणाऱ्याला लोक काय म्हणतील याचा अंदाज सगळ्यांना आहे. आमच्या वेलीला भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी आणि कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी जातं. पारा चव्वेचाळिसाकडं निघाला की ती कोपऱ्यातून करपते, कडेची पानं कागदासारखी वाजतात. पण कडुलिंबाखालचा भाग टिकतो. पसरून झाल्यावर एक गोष्ट मी न मोजताही सांगू शकतो. तिच्याखालची माती बोट घालून पाहिली तर दुपारीही गार असते, आणि शेजारी दोन हातांवर उघड्या जमिनीला भेगा पडलेल्या असतात. नातवाची ठेव ठेवायची जागा गेली, याबद्दल त्याची तक्रार आहे. लव्हाळा अजून डोकं काढतो. तो कुणालाच आटोपलेला नाही.

मामा आता येतात ते खुर्ची घेऊन. एप्रिलच्या संध्याकाळी, बाजारातली मिरचीची पावडर कपड्यांवर घेऊन, ते या पट्टीच्या कडेला बसतात. इथं गार वाटतं असं ते कधी म्हणत नाहीत. पंख्यापेक्षा बरं वाटतं एवढंच म्हणतात. परवा त्यांनी विचारलं की आडतीच्या मागं थोडी जागा आहे, तिथं ही लागंल का. मागं दुपारभर ऊन असतं आणि हमालांची ये-जा असते, तेव्हा तिथं ती जगणार नाही असं मी स्पष्ट सांगितलं. तिथं फरशीच बरी.

पण तुमच्या घराला पूर्वेची किंवा एखाद्या झाडाखालची सावली असेल, आणि तिथं काही उगवत नाही म्हणून तुम्ही ब्लॉकवाल्याला फोन लावायच्या बेतात असाल, तर जरा थांबा. मृग बरसला की धर्माबादला या. दर महिन्याची छाटणी असतेच, मुळं धरलेल्या फांद्या हव्या तेवढ्या घेऊन जा, पैसे लागणार नाहीत. हातमोजे मात्र आपले आपण आणा. आमच्या घरी एकच जोड आहे.